दोन तबकड्यांचा वॉल

पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं, की गाव संपता संपता डाव्या हाताला एक जुना निंब लागतो. त्या निंबाखाली भिकन मिस्तरीचं गॅरेज. वर पत्रे, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू रस्त्याला मोकळी. आणि त्या मोकळ्या बाजूला, दारावर तोरण बांधावं तशी, तारेत ओवलेली एक माळ. आंब्याच्या पानांची नव्हे, झेंडूचीही नव्हे. पितळेच्या आणि पत्र्याच्या लहान लहान तबकड्यांची. वैशाखातली झळ सुटली की ती माळ किणकिणायची, आणि रस्त्याने जाणारा नवखा माणूस देवळाची घंटा समजून मान वळवायचा.

त्या तबकड्या म्हणजे इंजिनांतून काढलेले थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे पाण्याच्या झडपा. प्रत्येक इंजिनाच्या डोक्यापाशी, पाण्याच्या वाटेवर असा एक वॉल बसवलेला असतो. इंजिन गार असताना तो वाट अडवून धरतो, म्हणजे इंजिन लवकर तापावं; आणि पाणी पुरेसं तापलं की आपोआप उघडून ते रेडिएटरकडे सोडतो. भिकनचं म्हणणं असं, की थंडीच्या मुलखात हे ठीक आहे. आमच्या खानदेशात इंजिन सकाळी उठतं तेच तापलेलं. त्यात बोअरचं खारं पाणी. दोन उन्हाळ्यांत वॉल गंजून मिटून बसतो, आणि मग इंजिन उकळतं. म्हणून चैत्र लागला की भिकन येईल त्या गाडीचा वॉल काढून टाकायचा आणि तारेत ओवायचा. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, कुणाला सोडलं नाही. पंचवीस वर्षांत एकाही गाडीने त्याबद्दल तक्रार केली नव्हती.

"मिस्तरी, इंजिनना दात उपाडतस का दाढा?" असं तोताराम विचारायचा. तोतारामचा स्वतःचा ट्रक होता आणि तोंडही ट्रकच्या हॉर्नसारखंच होतं.

"अक्कलदाढ उपाडस," भिकन म्हणायचा. "खानदेशमा इंजिनले अक्कल लागत नही. अक्कल मन्हाकडे शे."

लोक हसायचे. भिकनही हसायचा, पण ते त्याला मनापासून खरं वाटायचं.

तसं वाटायला कारण होतं. बोरी नदीकाठच्या गावात, चौदा वर्षांचा असताना, त्याने पहिलं ऑइल इंजिन ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. ते विहिरीच्या कडेला झोपडीत होतं आणि झोपडीला कुलूप होतं. आठ दिवस तो बाहेर बसून नुसता ठोका ऐकत राहिला. नवव्या दिवशी मालकाला म्हणाला, "आज याले श्वास पुरत नही." मालकाने कुलूप काढून पाहिलं, तर हवेच्या जाळीत चिमणीने घरटं केलेलं. तेव्हापासून इंजिन भिकनच्या कानात शिरलं ते कायमचं. शाळा चौथीला सुटली. हाताखाली राहून तो शिकला नाही, कुणी शिकवलंही नाही. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, हीच त्याची शाळा. धुळ्याहून, अमळनेरहून लोक गाड्या घेऊन यायचे. "भिकन मिस्तरीनं ऐकलं आहे" एवढं सांगितलं की सौदा पुरा व्हायचा.

निंबाखाली एक लाकडी बाक होता. त्या बाकावर दुपारचं बसण्याचा हक्काचा माणूस म्हणजे हिलाल. शिंदखेड्याकडचा, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. प्रकाशचंद शेठच्या गाडीवर तो बावीस वर्षं ड्रायव्हर होता. शेठचा कापसाचा आणि भुईमुगाचा व्यापार. आधी जीप, मग मोटार, मग पुन्हा मोठी जीप, सगळ्या हिलालच्या हातून गेल्या आणि एकाही गाडीला त्याच्या हातून ओरखडा आला नाही. शेठच्या आई जतनबाई दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायच्या नाहीत. गॅरेजवरून जाताना हिलाल दोनदा हॉर्न वाजवायचा, पिप्‌-पिप्‌, आणि भिकन हातातला पाना वर करायचा. दोघांचा रामराम असाच असायचा.

सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याला शेठने नवी गाडी घेतली. टर्बो डिझेल. कंपनीचं नाव इथे सांगायचं कारण नाही, कारण गाडीत खोट नव्हती. हिलाल गाडी पहिल्यांदा शेठच्या ओट्यावर नेण्याआधी निंबाखाली घेऊन आला. बॉनेट उघडलं तेव्हा पंधरा माणसं गोळा झाली.

"किती घोडा?" तोतारामने विचारलं.

"नव्वद," हिलाल म्हणाला.

"एवढासा इंजिनमा?"

इंजिन खरंच लहान होतं. चार सिलेंडर, दोन लिटरलाही जरा कमी. आधीच्या जीपचं इंजिन याहून मोठं होतं, आणि घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, मात्र साठाच्या आतबाहेर. फरक होता तो बाजूला बसवलेल्या गोगलगाईसारख्या लोखंडी डब्याचा. तो टर्बो. कंपनीने हिलालला दोन दिवस नाशिकला बोलावून शिकवलं होतं, ते त्याने जसंच्या तसं सांगितलं: धुराड्यातून जाणारा गरम वारा आजवर वाया जायचा. टर्बो त्याच वाऱ्यावर एक चक्री फिरवतो. ती चक्री बाहेरची हवा दाबून सिलेंडरमध्ये भरते. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जळतं, म्हणून जास्त जोर. चक्री मिनिटाला लाखभर फेरे घेते, म्हणून गाडी थांबवली की लगेच बंद करायची नाही. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवायचं, तिला निवू द्यायचं.

भिकनने पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. ठोक्याच्या आत, खोल कुठेतरी, एक बारीक शीळ होती. त्याने ती आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

"काय म्हणस?" हिलालने विचारलं.

"पावा वाजाडी राहिनं," भिकन म्हणाला. आणि त्याला स्वतःलाच कळलं नाही, की आवडलं म्हणून तो बोलला की घाबरला म्हणून.

त्या मिनिटभराचा जतनबाईंनी नेम करून टाकला. गाडी थांबली की त्या सीटवर बसल्या बसल्या तीन वेळा नवकार मंत्र म्हणायच्या. तिसरा नवकार संपला की म्हणायच्या, "हां, हिलाल, आता बंद कर." घड्याळ लावून पाहिलं तरी मिनिट भरायचंच. इंजिनाची अशी निगा पारोळ्यात दुसऱ्या कुणाच्या गाडीची होत नव्हती.

मग चैत्र लागला.

हिलाल गाडीचं तेल बदलायला आला होता. ते झालं, आणि भिकनने सवयीने वॉलच्या टोपणाचे दोन नट सोडले. टोपण उचललं, वॉल बाहेर काढला आणि हातातच थांबला. आजवरच्या वॉलना वर एकच तबकडी असायची. याला दोन होत्या. एक वर, नेहमीची. आणि खाली, लांब दांडीच्या टोकाला, लहान स्प्रिंगवर बसवलेली दुसरी. खालची कशासाठी? त्याने वॉल उलटासुलटा केला. इतक्या मेहनतीने बसवलेली वस्तू उगाच कुणी बसवत नाही, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. अगदी स्पष्ट आला. पुढे वर्षभर त्याला झोपू दिलं नाही ते या विचारानेच.

हिलाल म्हणाला, "मिस्तरी, पुस्तकमा काय लिखेल शे ते देखी लेऊत का? गाडीमाच शे."

तेवढ्यात बाकावरून तोताराम ओरडला, "का हो मिस्तरी, नवी गाडीले हात लावाले घाबरी राहिनात का?"

बाकावरचे चौघे हसले. भिकनने वर पाहिलं.

"पुस्तक लिखणारानी पारोळानं वैशाखनं ऊन देखेल नही," तो म्हणाला. "त्याले म्हना, एक दिन इठे निंबखाले बस, मंग लिख."

आता सगळेच हसले, हिलालही हसला. भिकनने टोपण रिकामंच बसवलं, नट आवळले आणि तो दोन तबकड्यांचा वॉल तारेत ओवला. दुसऱ्या दिवशी हिलाल मुद्दाम सांगायला आला, की पाण्याचं तापमान दाखवणारी सुई पूर्वी मध्यावर असायची, ती आता चौथाईवरच राहते. शेठ खूश आहेत. भिकनने मान हलवली. खालच्या तबकडीचा विचार तिथेच मिटला.

वैशाखात शेठ आईला घेऊन औरंगाबादला निघाले. जतनबाईंच्या डोळ्यांचा डॉक्टर तिकडे होता. गाडीत पाच माणसं, मागे सामान, वातानुकूलन चालू. भडगाव, चाळीसगाव सुखाने गेलं. दुपारी बाराच्या सुमाराला गाडी कन्नडच्या घाटाला लागली. पुढे कापसाच्या गाठींचे ट्रक रांगेने, मुंगीच्या पावलाने चढत होते. एका वळणावर हिलालने सुई पाहिली, ती मध्यावर होती. पुढच्या वळणावर पाहिली, ती लालच्या कडेला होती. त्याने लगेच वातानुकूलन बंद केलं. पण थांबणार कुठे? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे ट्रक चिकटलेला. दोन वळणं पुढे जरा रुंद जागा मिळाली तिथे त्याने गाडी घातली. तोवर बॉनेटखालून वाफ फुटली होती. जतनबाईंचा तिसरा नवकार पुरा व्हायच्या आत इंजिन स्वतःच बंद पडलं.

तीन तास त्या म्हातारीने घाटातल्या दगडावर, पदर डोक्यावर घेऊन काढले. घरी आणल्यावर आठ दिवस अंथरुणाला होत्या.

गाडी ट्रकला बांधून पारोळ्याला आणली, ती निंबाखाली. शेठने कंपनीच्या वर्कशॉपचं नाव काढलं नाही. म्हणाले, "भिकन मिस्तरी असताना नाशिक कशाला?" हे ऐकून भिकनला बरं वाटलं, आणि का बरं वाटलं हेही त्याला लगेच उमगलं. कारण वर्कशॉपवाल्याने टोपण उचललं असतं, तर पहिल्या मिनिटात विचारलं असतं, वॉल कुठे आहे?

त्याने इंजिन उघडलं. हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, वाकलं होतं, त्याला बारीक चीरही गेली होती. गॅसकेट जळून कोळसा. मग त्याने वॉलच्या रिकाम्या घरात बोट घातलं. तळाला एक भोक हाताला लागलं. त्या लहान तबकडीएवढंच गोल. त्या भोकातून पाण्याची एक आडवाट निघत होती, जी रेडिएटरला न जाता सरळ इंजिनात परत यायची. भिकन तसाच उभा राहिला, बोट त्या भोकात ठेवून. इंजिन न ऐकता त्याला सगळं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. खुर्ची टाकली. हिलाल निंबाला टेकून उभा होता.

"मिस्तरी, तुम्ही बोला," शेठ म्हणाले. "इंजिन आपोआप मेलं, का मारलं? हा म्हणतो सुई पाहिली होती. मग लालपर्यंत गेली कशी? एका वळणात?"

भिकनने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"शेठ," तो म्हणाला, "डिझेलचं इंजिन आपोआप मरत नाही. सुई लालवर गेल्यावर गाडी ओढली, की हेड वाकणारच."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो इतका सहज बाहेर आला.

शेठने हिलालकडे हात पुढे केला. हिलालने खिशातून किल्ली काढली, गळ्यातल्या रुमालाने पुसली आणि शेठच्या तळहातावर ठेवली. बावीस वर्षं तो ती रोज संध्याकाळी अशीच पुसून शेठच्या भिंतीतल्या देवळीत ठेवायचा.

दुपारी सगळे जेवायला गेलेले पाहून भिकनने तारेतून तो वॉल सोडवला. स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या हाताने टांगलेली वस्तू काढताना त्याने दोनदा रस्त्याकडे पाहिलं. घरी येऊन त्याने पातेल्यात पाणी ठेवलं, वॉल दोऱ्याला बांधून आत सोडला आणि चुलीपुढे बसला.

बायको मंजुळाबाई आतून आली. "आज काय लोखंडनी भाजी करी राहिनात का?"

त्याने चुलीचा जाळ वाढवला. पाणी कढत आलं. वरची तबकडी हळूहळू खाली सरकून जागेवरून सुटली, रेडिएटरची वाट उघडली. आणि त्याच वेळी, त्याच दांडीवरून, खालची तबकडीही खाली सरकली. वॉल इंजिनातल्या त्याच्या घरात असता, तर तिने ते भोक घट्ट मिटवलं असतं. एक वाट उघडताना दुसरी बंद करणारा वॉल होता तो. काढून टाकला, तर आडवाट कायमची उघडी. सपाट रस्त्यावर इंजिनाला जोर नाही, तेव्हा थोडंफार पाणी रेडिएटरला जाऊन भागतं. सुई उलट खालीच राहते. पण चढ लागला, टर्बोने जोर धरला, की गरम पाणी आडवाटेने इंजिनातच फिरत राहतं. मग एका वळणात सुई लाल होते. हिलालने सांगितलं होतं तशीच.

त्याने हे सगळं मंजुळाबाईला सांगितलं. कुणाला तरी सांगणं भागच होतं. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण तिने नेमकं तेवढंच विचारलं.

"मंग हाई हिलालभाऊले कव्हय सांगशात?"

भिकनने पातेलं खाली उतरवलं. तेव्हापासून ते पातेलं तिने स्वयंपाकाला घेतलं नाही. कोनाड्यात पालथं घालून ठेवलं, त्याला जेवताना दिसेल असं.

धुळ्याहून नवं हेड आलं. नवा वॉलही आला. तो भिकनने एकट्याने बसवला. गाडी पुन्हा पावा वाजवू लागली. शेठ म्हणाले, "मिस्तरी, तुमच्या हाताला देव आहे." काढलेला वॉल भिकनने चिंधीत गुंडाळून फळीवरच्या डब्यात टाकला. माळेत मात्र एक जागा रिकामी राहिली. तबकड्या सरकवून ती बुजवता आली असती. त्याने ती बुजवली नाही.

हिलालला पारोळ्यात कुणी गाडी दिली नाही. "घाटात इंजिन मारलं" हे त्याच्या नावाला चिकटलं. तो एका जिनिंगमध्ये फाटकावर बसू लागला. येणाऱ्या गाड्यांसाठी आडवा बांबू वर करायचा, खाली करायचा. दुपारच्या सुट्टीत मात्र पूर्वीसारखाच बाकावर येऊन बसायचा. तो रागावला असता, तर भिकनला सोपं गेलं असतं. तो रागावला नव्हता. तो विचारायचा.

"मिस्तरी, तुम्ही जाणता माणूस. सांगा, मन्ही चूक कोठे व्हयनी?"

"जाऊ दे ना, भाऊ. व्हयनं ते व्हयनं."

"मी सुई देखेल व्हती. पहिला वळणले मध्यावर व्हती." मग भिकनकडे वळून, "व्हती ना? का माले वाटनं?"

पावसाळा गेला, तोवर हे "का माले वाटनं" वाढत गेलं. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस तो चहा हातात धरून म्हणाला, "बठ्ठा लोके म्हणतस ते खरंच व्हई. माले डुलकी लागनी व्हई. बावीस वरीस लागनी नही, त्या दिन लागनी व्हई. उघडा डोळानी झोप येस म्हणतस."

भिकनने हातातला कप खाली ठेवला. बोलावं असं त्या क्षणी त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. समोर रस्त्यावर एक ट्रक थांबला, ड्रायव्हर उतरून म्हणाला, "भिकन मिस्तरी तुम्हीच ना? शिरपूरहून आलोय तुमचं नाव ऐकून." आणि आलेला शब्द पुन्हा खाली गेला.

त्याने पेचकस कानाला लावला, पण त्या दिवशी त्याला इंजिनाचा ठोका धड ऐकू आला नाही.

पुन्हा चैत्र आला. पुन्हा गाड्या निंबाखाली लागल्या. भिकन म्हणू लागला, "औंदा वॉल ऱ्हाऊ द्या." लोकांना वाटलं मिस्तरी थकले.

अशात एके सकाळी शेठची गाडी आली. नवा ड्रायव्हर, शेजारी शेठ, मागे जतनबाई. पाठोपाठ हिलाल चालत आला. धुतलेलं धोतर, स्वच्छ टोपी. त्याला शेठने निरोप पाठवून बोलावलं होतं.

"मिस्तरी, ऐका," शेठ खुर्चीवर बसत म्हणाले. "आईला पुन्हा डॉक्टरकडे न्यायचंय. ती म्हणते, हिलाल असेल तरच गाडीत बसेन. वर्षभर हट्ट धरून बसली, आज इथवर आली तीही याला न्यायचं म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे. हिलालने चूक झाली म्हणून कबूल करावं, आणि तुम्ही त्याच्या वतीने शब्द द्यावा, की पुन्हा असं होणार नाही. तुमच्या शब्दावर मी किल्ली देतो."

किती सोपं होतं! एक "हो" म्हटलं की हिलालला गाडी मिळत होती, म्हातारीला हिलाल मिळत होता, शेठचा मान राहत होता. आणि भिकनचं नाव होतं तिथेच राहत होतं, उलट एका गरिबाला उभं करणारा म्हणून वर चढत होतं. बाकावरून तोताराम म्हणालासुद्धा, "म्हणा हो मिस्तरी, पुण्य लागी."

हिलाल पुढे आला. टोपी काढून हातात घेतली. शेठशी तो नेहमी जपून, शाळेतल्यासारखं बोलायचा.

"शेठ," तो म्हणाला, "घाटात माझी... माझ्याकडून... डुलकी..."

"थांब, हिलालभाऊ," भिकन म्हणाला.

तो उठला. फळीवरचा डबा खाली काढला. शेजारी वना चहावाल्याची टपरी होती. तिथलं पातेलं त्याने मागून घेतलं आणि स्टोव्हवर पाणी चढवलं.

"मिस्तरी, चहा नको आता," शेठ म्हणाले.

"चहा नाही, शेठ. तुमचं इंजिन उकळतोय."

त्याने चिंधी सोडली, वॉल दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. पाणी तापून कढत आलं. मग वरची तबकडी जागेवरून सुटली, खालची सरकली. भिकनने सांगायला सुरुवात केली. आडवाट कुठून निघते, भोक कुठे आहे, चढावर काय होतं, सुई एका वळणात लाल का होते. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, जणू दुसऱ्या कुणा मिस्तरीने केलेली चूक समजावून देतोय. शेवटाला मात्र तो अडखळला.

"हा वॉल मी काढला. गेल्या चैत्रात. या तारेत, इथे ओवला होता. खालची तबकडी मी तेव्हाच पाहिली होती. पुस्तक बघू म्हणून हिलालभाऊ म्हणाला, मी हसण्यावारी नेलं. आणि तुम्ही विचारलं त्या दिवशी मला सगळं माहीत होतं."

तोतारामने बाकावरून पाय खाली सोडले आणि जमिनीकडे पाहत राहिला.

हिलाल पातेल्यात वाकून पाहत होता. वॉल अजून उघडाच होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली.

"म्हंजे... मी जागा व्हतू?"

"व्हतास," भिकन म्हणाला. "बठ्ठा येळ जागा व्हतास. सुई मध्यावरच व्हती."

हिलालने टोपी डोक्यावर घातली. दोन्ही हातांनी, नीट, आरशात पाहून घालावी तशी.

शेठ उठले. "वर्षभर गप्प बसलास?" एवढंच म्हणाले. इतकी वर्षं 'मिस्तरी' आणि 'तुम्ही' म्हणणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती, आणि भिकनला ती योग्य वाटली. शेठने नव्या ड्रायव्हरकडून किल्ली घेऊन हिलालला दिली. ती त्यांनी दोन्ही हातांनी दिली.

जतनबाई गाडीच्या खिडकीतून सगळं ऐकत होत्या. हिलाल बसल्यावर त्या भिकनकडे वळल्या.

"मी तीन तास उन्हात बसले, त्याचं काही नाही रे," त्या म्हणाल्या. "याला वर्षभर बसवलंस."

गाडी सुरू झाली. भिकन उभा होता तिथून हिलालचा चेहरा आरशात दिसत होता. हिलालने आरसा मागच्या रस्त्यासाठी सरळ केला, आणि चेहरा गेला.

त्या दुपारी भिकनने माळ उतरवली. पुढच्या दिवसांत तो कुणी येईल त्याला सांगायचा, की दोन तबकड्यांचा वॉल असेल तर हात लावू नका, आणि मी कुणाची गाडी बिघडवली ते ऐका. काही जण ऐकूनही पुन्हा यायचे, काही दुसरीकडे जायचे. गाडीची पुस्तकं तो आता मागून घेतो. इंग्रजी असलं तर कुणाकडून वाचून घेतो. हिंदी असलं तर स्वतः, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचतो. तोताराम म्हणतो, "मिस्तरी, म्हातारपणी पाचवीले बसनात का?" भिकन बोट पुढच्या ओळीवर ठेवतो.

शेठची गाडी आता नाशिकला कंपनीच्या वर्कशॉपला जाते. हिलालच नेतो. ती गावातून निघाली की निंबापाशी दिसायच्या आधी भिकनला ऐकू येते. ठोक्याच्या आत ती बारीक शीळ. त्याच्या हातात जे असेल ते थांबतं. पाना वर उचलावा असं त्याच्या हाताला वाटतं, पण हात वर जात नाही. गाडी सावलीतून पुढे जाते, वेग कमी होत नाही.

हॉर्न वाजत नाही.

शीळ लांब जाते, बारीक होते आणि विरते. एकसारखी, स्वच्छ. पाणी बरोबर फिरतंय, भिकन स्वतःशी म्हणतो, आणि पुन्हा कामाला लागतो.